कालवा मोकळा, मग टेलला पाणी का नाही?

प्रश्न : पाटबंधारे खात्यातून कालवा निरीक्षक म्हणून निवृत्त झालो. वय 64, राहणार कराडजवळ. गेल्या दिवाळीपासून जिना चढताना, आणि थंडीत पहाटे फिरायला निघालं की छातीत भरून येतं, डावा खांदा जड होतो. थांबलं की पाच-दहा मिनिटांत उतरतं. टीएमटी (ट्रेडमिलवर चालवून काढतात तो ईसीजी) पॉझिटिव्ह आली म्हणून अँजिओग्राफी केली. तिन्ही नळ्या मोकळ्या निघाल्या, एके ठिकाणी 20-30 टक्के जाडी. डॉक्टर म्हणाले, ‘ब्लॉकेज नाही. एंडोथेलियम वयानं कमजोर झालंय.’ घरचे म्हणतात, मनाचे खेळ आहेत. उभी नोकरी मी टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या, शेतकऱ्यांच्या शिव्या खाल्ल्या. कालवा मोकळा असून टेलला पाणी का पोचत नाही, हे मला तिथं कळायचं, इथं कळत नाही. हे एंडोथेलियम काय प्रकरण आहे? आणि या वयात ते सुधारतं का?

उत्तर : श्रम केले की दुखतं, थांबलं की थांबतं, टीएमटीच्या आलेखातही बदल दिसतो. एवढं जुळून आल्यावर त्याला मनाचे खेळ म्हणू नये. हे वाक्य घरी मोठ्याने वाचून दाखवा.

मी हृदयरोगतज्ज्ञ नव्हे. मेडिकल कॉलेजात औषधशास्त्र शिकवण्यात आयुष्य गेलं. त्यामुळे तुमच्या गोळ्या मी बदलणार नाही. पण तुमच्या डॉक्टरांनी एका वाक्यात जे सांगितलं, त्याच्यामागे काय आहे ते सांगू शकते. निम्मं तर तुम्हाला आधीच माहीत आहे.

अँजिओग्राफीत दिसतो तो कालवा. हृदयाच्या पृष्ठभागावरून जाणाऱ्या कोरोनरी धमन्या सुरुवातीला तीन-चार मिलिमीटर रुंद असतात. रंगद्रव्य सोडलं की त्या पडद्यावर झाडाच्या फांद्यांसारख्या उमटतात. मात्र अर्ध्या मिलिमीटरपेक्षा बारीक वाहिन्या त्या चित्रात येत नाहीत, आणि रक्त किती पोचायचं हे मुख्यतः तिथेच ठरतं. तुमच्या भाषेत, रिपोर्ट आलाय तो मुख्य कालव्याचा. चाऱ्या, पोटचाऱ्या आणि शेताच्या तोंडाशी दारं धरणारा माणूस यांच्याबद्दल त्यात एक अक्षर नाही.

आता हृदयाची एक अडचण बघा. विश्रांतीत मिनिटाला साधारण पाव लिटर रक्त हृदयाच्या स्वतःच्या स्नायूला मिळतं, म्हणजे हृदय जेवढं रक्त बाहेर ढकलतं त्याच्या पाच टक्के. पण त्यातला 70 ते 80 टक्के ऑक्सिजन ते बसल्या जागीच ओढून घेतं. शरीराचे इतर भाग सरासरी पाव हिस्सा घेतात आणि बाकीचा परत पाठवतात. म्हणून पायाच्या स्नायूला जास्त काम पडलं तर तो त्याच रक्तातून अधिक ऑक्सिजन उपसू शकतो. हृदयाला ती सोय नाही. जिना चढायचा तर रक्तच जास्त हवं, निरोगी माणसात चारपट-पाचपटीपर्यंत. त्यातून डावं हृदय आकुंचन पावतं तेव्हा स्वतःच्याच वाहिन्या चेपून टाकतं, त्यामुळे त्याला रक्त मिळतं ते बहुतांशी दोन ठोक्यांमधल्या सैल वेळात. ठोके वाढले की हा वेळ कमी होतो. म्हणजे गरज वाढते त्याच क्षणी पाण्याची पाळी आखूड होते.

यावर शरीराने काढलेला तोडगा असा : विश्रांतीत या बारीक वाहिन्या पूर्ण उघड्या ठेवायच्याच नाहीत. त्यांच्या भिंतीतला स्नायू थोडा आवळून धरायचा. या आवळलेपणालाच डॉक्टर ‘टोन’ म्हणतात. टोन हा आजार नव्हे, ती शिल्लक आहे. वेळ आली की स्नायू सैल सोडायचा आणि वाहिनी रुंदावायची. थोड्या रुंदीने किती फरक पडतो? नळीतला प्रवाह तिच्या त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात बदलतो. त्रिज्या फक्त 20 टक्क्यांनी घटली, तरी त्याच दाबाखाली प्रवाह 41 टक्क्यांवर येतो. त्रिज्या निम्मी झाली तर सोळावा हिस्सा उरतो. विसर्गाचे तक्ते वापरलेल्या माणसाला हे पटवायची गरज नाही.

हा टोन कोण राखतं? बरेच जण. दाब वाढला की स्नायू आपणहून आवळतो, हे इंग्लंडमध्ये बेलिस यांनी 1902 मध्येच दाखवलं होतं. मज्जातंतू असतात, रक्तातली संप्रेरकं असतात, काम करणाऱ्या हृदयस्नायूतून बाहेर पडणारी द्रव्यं असतात. आणि असतं आतलं अस्तर, म्हणजे तुमचं एंडोथेलियम. पेशींचा एकच थर. काही ठिकाणी त्याची जाडी मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही कमी. रक्ताचा प्रत्येक थेंब त्याला घासून जातो. एवढं असून 1980 पर्यंत बहुतेक पुस्तकांत त्याच्याबद्दल दोन ओळी असायच्या : आतला गुळगुळीत पापुद्रा, रक्त गोठू नये म्हणून.

ती समजूत बदलली ती न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधल्या एका प्रयोगशाळेत. औषधशास्त्रज्ञ रॉबर्ट फर्चगॉट सशाच्या महाधमनीच्या पट्ट्यांवर वर्षानुवर्षं औषधं तपासत होते. अ‍ॅसिटिलकोलीन (मज्जातंतूंच्या टोकांतून सुटणारं एक रसायन) आणि त्याच्या जातीची द्रव्यं टाकली की पट्टी आवळायची, हे त्यांना पाठ होतं. 1978 मध्ये एका प्रयोगात पायऱ्यांचा क्रम चुकला आणि पट्टी आवळण्याऐवजी सैल पडली. दुसऱ्या कुणी ते निरीक्षण फेकून दिलं असतं. फर्चगॉट मागे लागले. शेवटी लक्षात आलं की फरक औषधात नव्हता. पट्टी कापताना तिची आतली बाजू कशावर घासली जाते की नाही, यावर सगळं अवलंबून होतं. अस्तर शाबूत असेल तर धमनी सैल पडते, खरवडलं गेलं असेल तर तेच औषध तिला आवळतं. सहकारी झावाड्झ्की यांच्यासोबत त्यांनी हे 1980 मध्ये प्रसिद्ध केलं.

हा प्रयोग मी विद्यार्थ्यांना दरवर्षी दाखवायचे, पांढऱ्या उंदराच्या महाधमनीवर. तीनेक मिलिमीटरची कडी कापायची, भोवतीची चरबी काढायची, दोन बारीक तारांत ओवून 37 अंशांच्या क्षारद्रावणात टांगायची. खालून ऑक्सिजनचे बुडबुडे. ताण मोजणारा काटा वरच्या तारेला जोडलेला. आधी फिनाइलएफ्रिन टाकून कडी आवळून घ्यायची, रेघ वर चढते आणि स्थिरावते. मग अ‍ॅसिटिलकोलीनचा थेंब. काही सेकंदांत रेघ खाली उतरायला लागते, अगदी डौलात. आता दुसरी कडी घ्यायची, तिच्या पोकळीत चिमट्याचं टोक घालून दोन-चार वेळा हलकेच फिरवायचं. बाहेरून बघाल तर दोन्ही कड्या सारख्या. तोच थेंब टाकला तर रेघ जागची हलत नाही. वर्गात एवढी शांतता मला एरवी कधी मिळाली नाही.

अस्तरातून निघून स्नायूला सैल करणारी ती वस्तू म्हणजे नायट्रिक ऑक्साइड. गाड्यांच्या धुरात सापडणारा वायू. शरीर असला वायू मुद्दाम बनवत असेल, हे तेव्हा कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. फर्चगॉट आणि दुसरे अमेरिकी औषधशास्त्रज्ञ इग्नारो यांनी 1986 मध्ये तशी शंका मांडली, 1987 मध्ये इंग्लंडमध्ये साल्व्हादोर मोन्काडांच्या गटाने ते मोजून दाखवलं. 1998 चं नोबेल फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद यांना मिळालं. मोन्काडांचं नाव त्यात नाही, हे मला आजही खटकतं.

आता हे तुमच्या जिन्याशी जोडू. तुम्ही पायरी चढता, हृदयस्नायू काम वाढवतो, त्याच्या लगतच्या सगळ्यात बारीक वाहिन्या प्रथम उघडतात. खाली वाट मोकळी झाली की वरच्या वाहिन्यांतून रक्त वेगाने धावू लागतं. वेगाने धावणारं रक्त अस्तराला जास्त घासतं. अस्तराच्या पेशींना हे घासणं कळतं. त्या अर्जिनीन नावाच्या अमिनो आम्लापासून नायट्रिक ऑक्साइड तयार करतात, ते शेजारच्या स्नायूत शिरतं, स्नायू सैल पडतो, वाहिनी रुंदावते. वायू काही सेकंदच टिकतो, म्हणून काम संपलं की वाहिनी पूर्वपदावर. तुमच्या खात्यात पाणीमागणीचा सात नंबरचा अर्ज खालून वर जायचा आणि मग पाणी सुटायचं, इथेही मागणी टेलकडूनच वर सरकते. फक्त पाळीची वाट बघावी लागत नाही.

अस्तर एवढंच करत नाही. ते प्रोस्टासायक्लिन बनवतं, तेही सैल करणारं. ते एंडोथेलिन बनवतं, जे स्नायूला जबर आणि दीर्घकाळ आवळतं. हे 1988 मध्ये जपानच्या त्सुकुबामध्ये सापडलं. निरोगी वयात या ओढाताणीत सैल सोडणाऱ्यांची बाजू वरचढ असते.

वय वाढतं तसं पारडं फिरतं. नायट्रिक ऑक्साइड बनवणारं एन्झाइम मंदावतं. त्याला लागणारं एक सहायक द्रव्य कमी पडलं की तेच एन्झाइम नायट्रिक ऑक्साइडऐवजी सुपरऑक्साइड नावाचा आक्रमक ऑक्सिजन बनवू लागतं. हा सुपरऑक्साइड उरलासुरला नायट्रिक ऑक्साइड गाठून संपवतो. दारं धरायला ठेवलेला माणूसच दारं बुजवायला लागावा, तसली गत. मधुमेह, वाढलेला रक्तदाब, कोलेस्टेरॉल आणि तंबाखू ही प्रक्रिया किती तरी वर्षं आधी सुरू करून देतात. तुम्ही तंबाखूबद्दल लिहिलेलं नाही. खात असाल किंवा ओढत असाल, तर पुढचं सगळं वाचण्याआधी ते थांबवा.

हे सगळं उंदराच्या कडीत दिसतं तसं माणसाच्या हृदयात दिसतं का? बोस्टनमध्ये 1986 मध्ये ते बघितलं गेलं. अँजिओग्राफीच्या टेबलावर कोरोनरी धमनीत थोडं थोडं अ‍ॅसिटिलकोलीन सोडलं. निरोगी धमन्या रुंदावल्या. ज्यांत चरबीचे थर होते त्या त्याच औषधाने आवळल्या, आणि चित्रात जाडी जेमतेम दिसत होती अशा धमन्यासुद्धा. तुमची ती 20-30 टक्के जाडी रक्त अडवायला पुरेशी नाही, पण अस्तर बिघडल्याची खूण असू शकते.

अमेरिकेत मिलवॉकीच्या संशोधकांनी आणखी बारकाईने बघितलं. बायपासच्या वेळी हार्ट-लंग मशीनची नळी बसवायला उजव्या कर्णिकेचा, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्याचा, एक लहान पदर कापावा लागतो. तो एरवी कचऱ्यात जायचा. त्यातून त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली एक-दीड दशांश मिलिमीटरच्या वाहिन्या सोडवल्या, दोन्ही तोंडं काचेच्या नळ्यांना बांधली आणि आतून प्रवाह सोडून त्या कशाने रुंदावतात ते तपासलं. लहान मुलांच्या वाहिन्यांत मुख्य काम प्रोस्टासायक्लिनचं निघालं, मोठ्यांत नायट्रिक ऑक्साइडचं. कोरोनरी आजार जडलेल्यांत मात्र ते काम हायड्रोजन पेरॉक्साइडने अंगावर घेतलं होतं. वाहिनी त्यानेही रुंदावते, म्हणून बाहेरून सगळं ठीक वाटतं. पण नायट्रिक ऑक्साइड रुंदावता रुंदावता सूज आणि गुठळ्या आवरत असतो, पेरॉक्साइड उलट सूज वाढवतो. मला या सगळ्या विषयातला हा सगळ्यात लक्षवेधी भाग वाटतो : शरीर शिल्लक वाचवण्यासाठी कुठल्या दराने कर्ज काढतं ते इथे दिसतं.

पहाटेच्या थंडीचंही कारण इथंच आहे. हात बर्फाच्या पाण्यात बुडवला की निरोगी कोरोनरी धमनी थोडी रुंदावते, अस्तर बिघडलेली धमनी आवळते. तुम्ही पहाटेऐवजी ऊन पडल्यावर निघा, कानटोपी घाला, आणि पहिली दहा मिनिटं रमतगमत चाला.

आता सुधारणेचं. वाईट बातमी दिल्यावर चांगली देते, आणि ती मनापासून देते. अस्तर थकलं तरी बहुधा त्यामागचा स्नायू थकलेला नसतो. जपानमध्ये फुकुओकाच्या डॉक्टरांनी 1993 मध्ये दाखवलं की वयाप्रमाणे अ‍ॅसिटिलकोलीनला मिळणारा प्रतिसाद घटत जातो, पण अस्तराला वगळून थेट स्नायूवर काम करणाऱ्या पापाव्हरीनला मिळणारा घटत नाही. म्हणजे दार गंजलेलं नाही, धरणारा सुस्तावलाय. त्याला जागं करणारी सगळ्यात खात्रीची गोष्ट चालणं. जर्मनीत लाइपझिगला 2000 मध्ये कोरोनरी आजार असलेल्या रुग्णांना चार आठवडे देखरेखीखाली सायकल आणि रोइंगचा व्यायाम दिला. अ‍ॅसिटिलकोलीनने होणारं आवळणं त्यांच्यात 54 टक्क्यांनी कमी झालं. त्याच वर्षी अमेरिकेत कोलोरॅडोच्या बोल्डरमध्ये मध्यमवयीन आणि वयस्क, आधी बैठं काम करणाऱ्या निरोगी पुरुषांना तीन महिने मुख्यतः झपझप चालायला लावलं. हाताच्या रक्तवाहिन्यांतला अस्तराचा प्रतिसाद तरुणांच्या जवळ आला. कारण वर आलंच आहे : चालताना प्रवाह वाढतो, घासणं वाढतं, आणि रोज घासलं गेलं की अस्तर ते एन्झाइम जास्त बनवू लागतं.

तुमच्या बाबतीत मात्र चालणं किती आणि कुठवर, हे टीएमटी बघून तुमच्या डॉक्टरांनाच ठरवू द्या. त्यांना दोन गोष्टी विचारा. हे बारीक वाहिन्यांचं दुखणं आहे की मोठ्या धमनीला अधूनमधून येणारा पेटका? दोन्हींत ब्लॉकेज नसतं, पण औषधं वेगळी. पेटक्याच्या दुखण्यात डिल्टियाझेमसारखी औषधं लागू पडतात आणि काही बीटा-ब्लॉकर (ठोके मंदावणारी औषधं) त्रास वाढवू शकतात. हा फरक कॅथलॅबमध्ये (अँजिओग्राफी करतात त्या खोलीत) अ‍ॅसिटिलकोलीन देऊन आणि बारीक तारेने प्रवाह मोजून करता येतो. ग्लासगोमध्ये अशाच ‘नळ्या मोकळ्या’ असलेल्या 151 रुग्णांवर 2018 मध्ये अभ्यास झाला. चाचणीप्रमाणे औषध बदललेल्यांचं छातीचं दुखणं बाकीच्यांपेक्षा कमी झालं. आपल्याकडे ही सोय मोठ्या शहरांतल्या मोजक्या केंद्रांतच आहे, त्यामुळे अनेकदा डॉक्टर लक्षणांवरून औषध देऊन बघतात. तेही रास्तच. दुसरं म्हणजे स्टॅटिन चालू आहे का ते विचारा. ‘ब्लॉकेज नाही मग कोलेस्टेरॉलची गोळी कशाला’ म्हणून ती बंद करणारे मला खूप भेटतात.

आणि तुम्ही थांबूनही दुखणं वीस मिनिटं उतरलं नाही किंवा घाम फुटला, तर रिपोर्टवर ‘नॉर्मल’ लिहिलंय म्हणून घरी बसू नका. 108 ला फोन करा.

प्रश्न : वय 57, डोंबिवलीला राहते. पाळी जाऊन पाच वर्षं झाली. बीपीची एक गोळी चालू आहे. लहानपणापासून मशेरी लावायची सवय आहे, सिगारेट कधी नाही. घरात मिस्टरांना हृदयविकार, त्यांच्या सॉर्बिट्रेटच्या गोळ्या असतात. मला अधूनमधून छाती आवळल्यासारखी होते. त्यांची गोळी एकदा घेतली तर डोकं भणभणलं, छातीला विशेष फरक नाही, म्हणून हृदयाचं नसावं असं वाटलं. मैत्रीण बीटचा रस घ्यायला सांगते. खरंच उपयोग होतो का?

उत्तर : ताई, गोळीने फरक पडला नाही म्हणजे हृदयाचं नाही, असा अर्थ काढू नका. सॉर्बिट्रेट शरीरात नायट्रिक ऑक्साइड पुरवतं, अस्तराची मदत न घेता. मोठ्या धमन्यांवर ते झकास चालतं. शिल्लक जिथे असते त्या सगळ्यात बारीक वाहिन्यांवर त्याचा जोर कमी. म्हणून बारीक वाहिन्यांच्या दुखण्यात, जे बायकांत जास्त दिसतं, ते पुष्कळदा निराश करतं. डोकं भणभणतं ते डोक्यातल्या वाहिन्या रुंदावल्यामुळे. दुसऱ्याची गोळी पुन्हा घेऊ नका, बीपी एकदम उतरून चक्कर येते. आधी ईसीजी आणि तपासणी, याच आठवड्यात.

पाळी जाण्याचा संबंध खरा आहे. सिडनीच्या सेलरमायर यांनी दंडाच्या धमनीवर सोनोग्राफीने मोजलेलं 1994 मधलं काम आहे. निरोगी पुरुषांत अस्तराचा प्रतिसाद चाळिशीनंतर उतरू लागतो. बायकांत तो पन्नाशी उलटेपर्यंत टिकतो आणि मग पुरुषांपेक्षा दुप्पट वेगाने उतरतो. इस्ट्रोजेन अस्तराला नायट्रिक ऑक्साइड बनवायला मदत करतं, ते गेलं की उतार लागतो. मग इस्ट्रोजेनच्या गोळ्या घ्याव्यात का? हृदयासाठी नाही. अमेरिकेतल्या विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह या बायकांवरच्या मोठ्या अभ्यासामध्ये इस्ट्रोजेन-प्रोजेस्टिनच्या जोडगोळीचा भाग 2002 मध्ये मध्येच थांबवला गेला. हृदयाचे झटके कमी व्हायचे तर थोडे वाढलेच होते. चालण्याचा अस्तराला होणारा फायदाही पाळी गेलेल्या बायकांत पुरुषांइतका ठळक दिसलेला नाही. बीपी, साखर, वजन यांना मात्र त्याचा फायदा होतोच, त्यामुळे चालणं सोडू नका.

मशेरीला तुम्ही सवय म्हणता. ती तंबाखूच आहे, भाजून पूड केलेली, आणि हिरडीतून निकोटीन थेट रक्तात जातं. धूर नसला तरी तोंडात ठेवलेल्या तंबाखूने अस्तराचा प्रतिसाद तात्पुरता उतरतो, हे मोजलेलं आहे. दिवसातून तीन-चारदा लावत असाल तर तो वर यायला सवडच मिळत नाही. एकदम सुटत नसेल तर आधी दुपारची बंद करा, मग रात्रीची, सकाळची शेवटी. कोलगेटने दात घासून पोट साफ होत नाही, असं सांगणाऱ्या मला कित्येक जणी भेटल्यात. त्यांना मी सकाळी कोमट पाणी आणि इसबगोल सांगते, आठ-दहा दिवस कुरकुर होते आणि मग होत नाही.

बीटचं म्हणाल तर मैत्रीण अगदीच चुकीची नाही. बीट, पालक, मुळा, माठ यांत नायट्रेट भरपूर असतं. ते पोटातून रक्तात जातं, रक्तातून लाळेत उतरतं, आणि जिभेच्या मागच्या भागावरचे जंतू त्याचं नायट्राइट करतात. ते गिळलं की शरीरात त्यापासून नायट्रिक ऑक्साइड बनतं. म्हणजे अस्तर सुस्त असलं तरी ही दुसरी वाट चालू राहते. लंडनमध्ये रक्तदाबाच्या रुग्णांना चार आठवडे रोज 250 मिलिलिटर बीटचा रस दिला, तर वरचा आकडा सात-आठने उतरला. छातीतल्या दुखण्यावर ते औषध आहे असं मात्र मी म्हणणार नाही. मुतखडा झाला असेल किंवा किडनी कमजोर असेल तर रस पिऊच नका. नसेल तर रसापेक्षा बिटाची कोशिंबीर आणि आठवड्यातून चार दिवस पालेभाजी बरी. आणि रोज जंतुनाशक माउथवॉशने गुळण्या करत असाल तर त्या बंद करा. जिभेवरचे ते जंतू मेले की सगळी साखळी तिथेच तुटते.

प्रश्न : वडिलांना (वय 66) तीन महिन्यांपूर्वी हार्ट अटॅक आला, एक स्टेंट आहे. माझा भाचा जिमला जातो, त्याने एल-अर्जिनीनची पावडर आणून दिली आहे. नायट्रिक ऑक्साइड वाढतं म्हणतो. डब्यावरही तसं लिहिलंय. चालू करावी का? — नाशिक

उत्तर : नको. भाच्याचं शास्त्र बरोबर आहे, निष्कर्ष चूक आहे. अर्जिनीनपासूनच नायट्रिक ऑक्साइड बनतं, पण रक्तात अर्जिनीन एन्झाइमला लागतं त्यापेक्षा आधीच पुष्कळ जास्त असतं. म्हाताऱ्या अस्तरात अडचण कच्च्या मालाची नसते, एन्झाइमच सुपरऑक्साइडकडे वळलेलं असतं. त्याला आणखी माल दिल्याने ते सरळ होत नाही.

हा नुसता तर्क नाही. बॉल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये नुकताच पहिला अटॅक येऊन गेलेल्या 153 रुग्णांवर हेच करून बघितलं. निम्म्यांना रोज 9 ग्रॅमपर्यंत अर्जिनीन, निम्म्यांना तशीच दिसणारी बिनऔषधी पावडर, सहा महिने. धमन्यांचा ताठरपणा कमी झाला नाही, हृदयाची ताकद वाढली नाही. अर्जिनीन घेणाऱ्यांत सहा मृत्यू झाले, दुसऱ्या गटात एकही नाही. अभ्यास वेळेआधी थांबवला आणि 2006 मध्ये निकाल छापताना त्यांनी स्पष्ट लिहिलं की अटॅकनंतर हे देऊ नये. तुमच्या वडिलांचं वय आणि दुखणं नेमकं त्या रुग्णांसारखं आहे.

भाच्याला आणखी एक विचारा : डब्यात अर्जिनीनशिवाय काय काय आहे? ‘पंप’ आणि ‘प्री-वर्कआउट’ अशा नावाने विकल्या जाणाऱ्या पावडरींत बहुधा भरपूर कॅफिन असतं, स्टेंट बसवून तीन महिने झालेल्या माणसाला ते नकोच. वडिलांना सॉर्बिट्रेट किंवा दुसरं नायट्रेट चालू असेल, तर ‘ताकदीची’ म्हणून मिळणारी सिल्डेनाफिलच्या जातीची गोळीही घरात येऊ देऊ नका. दोन्ही मिळून रक्तदाब जिवावर बेतेल इतका खाली नेतात, आणि हा प्रश्न बापाला विचारायची मुलाला लाज वाटते. तुम्हाला वाटत असेल, तर पुढच्या भेटीत डॉक्टरांना चिठ्ठीवर लिहून द्या, ते विचारतील. रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या मात्र एक दिवसही चुकवू नका. स्टेंटवर नवं अस्तर धरेपर्यंत गुठळीला अडवणारं तिथे दुसरं काही नसतं.